मुलांच्या मनाची निगा : सातारा-सांगलीचा वारसा आणि आपले कर्तव्य

शिक्षणसंस्थेच्या कार्याचा आढावा घेताना आपण इमारती, वर्गखोल्या व निकालाची टक्केवारी यांचा हिशेब मांडतो. परंतु वर्गात बसलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, याची नोंद अहवालात क्वचितच सापडते. वास्तविक आपल्या भागाचा शैक्षणिक इतिहास पाहिला, तर मुलाच्या मनाला जपणे हे शिक्षणाचेच एक अंग होते, असे दिसून येते.

सातारा व सांगली हा मूळचा एकच मुलूख. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखातील खेड्यातल्या गरीब मुलाला शिकायचे म्हणजे घर सोडणेच भाग होते. शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. १९०६ साली तेथे मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. कोल्हापुरातच शिकलेल्या भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाचा खरा आधार होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने मोडले. १९३० साली त्यांचे निधन झाले. आई-बापांना सोडून आलेले लहान पोर रात्री रडते, जेवत नाही, अबोल होते. त्याला जवळ घेणारे माणूस तेथे होते. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पण मुलाचे मन सांभाळल्याशिवाय त्याचे डोके अभ्यासात लागत नाही, हे त्या माउलीला कळत होते.

पुढे या जाणिवेला शास्त्राची जोड मिळाली. १९३६ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा समाजकार्य शिक्षणसंस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र उघडले. आपल्या देशातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते. मात्र त्याचा लाभ जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचला नाही. आपल्या लोकांना ठाऊक होती ती येरवड्याची व रत्नागिरीची मनोरुग्णालये. त्यामुळे मनाचा उपचार म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, अशी समजूत रूढ झाली. मुलगा गप्प राहू लागला, मुलगी दचकून उठू लागली, तर डॉक्टरांकडे जाण्याऐवजी ‘बाहेरचे काहीतरी’ म्हणून उतारा करण्याकडे धाव घेतली जाऊ लागली. हा दोष कोणा एका समाजाचा नाही. सर्वांच्याच घरात तो आहे.

याविरुद्ध आयुष्यभर झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचेच. त्यांच्या पुढाकाराने साताऱ्यात उभी राहिलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्याचे कार्य करते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा साखळीने बांधणे हा गुन्हा ठरवला आहे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात तर २००८ च्या सुमारास ‘दवा और दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. तेथे दुआ मागण्यास आलेल्या रुग्णाला मुजावर स्वतःच डॉक्टरांकडे पाठवू लागले. दुआ आणि दवा यांत वैर नाही, हाच धडा यातून घ्यावयाचा आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले. घरे बुडाली, दप्तरे वाहून गेली. पाणी ओसरले की भिंतीवरची खूण दिसते; मनावर उठलेली खूण दिसत नाही. पाऊस कोसळू लागला की घाबरणारे, आईचा पदर न सोडणारे मूल हट्टी नसते. ते भ्यालेले असते.

कायद्यानेही आता शाळेवर जबाबदारी टाकली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असा आदेश दिला. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावयाचा आहे. शिक्षकांना वर्षातून निदान दोनदा याचे प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात म्हटले आहे.

तथापि केवळ आदेशाने काम भागत नाही. पालक बंधू-भगिनींनो, मुलाची झोप उडाली, भूक मेली, मित्र तुटले, अभ्यासात एकाएकी घसरण झाली, क्षुल्लक कारणावरून संताप वा रडू येऊ लागले आणि हे दोन-तीन आठवडे टिकले, तर त्याला आळशी म्हणून हिणवू नका. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना करू नका. प्रथम त्याचे ऐकून घ्या व वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या. मूल ‘जगावेसे वाटत नाही’ असे बोलले, तर एक दिवसही दवडू नका. त्याला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे न्या. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो व तेथे मराठीतूनही बोलता येते. मुलीच्या बाबतीत ‘लोक काय म्हणतील, लग्न कसे जमेल’ या धास्तीने दुखणे झाकले जाते. त्यात तिची शाळा सुटते आणि दुखणे मात्र वाढतच जाते.

विद्यार्थी मित्रांनो, ताप आला तर आपण लपवत नाही. मनाचे दुखणेही लपवू नका. ज्या शिक्षकांवर तुमचा विश्वास आहे त्यांच्यापाशी बोला, आणि एखादा सोबती एकटा पडला असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.

साताऱ्याच्या त्या वसतिगृहात पैसा नव्हता, तज्ज्ञ नव्हते. पण मुलाचा चेहरा पाहून त्याचे मन ओळखणारे माणूस होते. आज तज्ज्ञ आहेत, कायदा आहे. आपल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक मुलाला ‘हे माझे ऐकतील’ असे वाटावे असे एक तरी माणूस असले पाहिजे. संस्थाचालक, शिक्षक व पालक यांनी येत्या वर्षी एवढा एक संकल्प सिद्धीस नेला, तर पुष्कळ मुले शाळेत टिकतील, आणि पुष्कळ घरे उजळतील.