धाकट्या मुलखांची तजवीज

सन १९९७ मध्ये स्वीडनमधील ब्यॉर्न होल्मेर यांनी ‘हॅटट्रिक’ हा फुटबॉल संघाच्या कारभाराचा संगणकी खेळ इंटरनेटवर सुरू केला, आणि आरंभी स्वदेशापुरता असलेला त्याचा अंमल जसजसा परमुलखांत पसरला, तसतसा विपुल संघचालकांचा इटली आणि मोजक्या संघचालकांची फेरो बेटे यांना एकाच स्पर्धेत कसे नांदवावे, हा प्रश्न चालकांपुढे उभा राहिला.

पहिली तजवीज अशी की, प्रत्येक देशास स्वतंत्र साखळी मिळाली. शिखरावर आठ संघांचा एक गट, त्याखाली चार, मग सोळा, मग चौसष्ट, अशी ही उतरंड थोरल्या मुलखात खोल जाई, तर धाकट्यात ती लवकरच संपे. परिणामी राष्ट्रीय विजेतेपदाचा मान दोघांसही समान, परंतु तो मिळवण्याचे श्रम मात्र विषम राहिले.

राष्ट्रीय संघांच्या विश्वचषकात संख्याबळाचा जोर अधिकच जाणवे, कारण अधिक संघ म्हणजे अधिक नवे गुणी खेळाडू. तेथे उपयोगी पडला तो सर्व देशांस खुला असलेला एकच खरेदी-विक्रीचा बाजार: फेरो बेटांत निपजलेला खेळाडू इटलीतील एखाद्या संघाने विकत घेऊन शिकवून तयार केला, तरी त्याचे राष्ट्रीयत्व अबाधित राही, आणि फेरो बेटांच्या संघचालकांनी मतदानाने निवडलेला प्रशिक्षक त्यास हक्काने राष्ट्रीय संघात बोलावू शके.

संख्येचे प्राबल्य कोणत्याही नियमाने समूळ नष्ट होत नाही. तथापि अल्पसंख्य समाजास परक्यांच्या साह्याने का होईना, उभे राहण्यास जागा देणारी रचनाच न्याय्य म्हणावी लागेल.