जुनी तबकडी कां टिकते?

निजामाची सत्ता १९४८ च्या सप्टेंबरांत संपली. पण जालन्याच्या पेठेंतला हाली रुपया तिच्याबरोबर गेला नाहीं. १९५० सालीं हैदराबादच्या मुलखांत हिंदी रुपया रीतसर चालू झाला. लोक त्याला कलदार म्हणत. सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव ठरला. १९५१ पासून नवें हाली चलन निघणें बंद झालें, परंतु जुनें कायद्यानें रद्द झालें तें १९५९ मध्यें. मधल्या आठ वर्षांत एकाच गल्ल्यांत दोन्ही नाणीं नांदलीं. हिशेब ठेवणाऱ्यास थोडा त्रास पडला असेल. पण ज्याच्या घरीं हाली रुपये सांठलेले होते त्याला ते फेंकून द्यावे लागले नाहींत, कारण जुन्यावरून नव्याकडे जाण्याची वाट उघडी होती.

ह्याच जालन्यानें उलट प्रकारहि पाहिला आहे. मनमाडहून त्या वेळच्या औरंगाबादेवरून, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरावरून, जालन्यास व पुढें सिकंदराबादेस जाणारा निजामाच्या रेल्वेचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झाला, तो मीटरमापाचा. मनमाडास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ मात्र साडेपांच फुटांचे. कापसाचा गठ्ठा असो वा धान्याचें पोतें, तें एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढविल्यावांचून मुंबईकडे जात नसे. १९९० नंतरच्या दशकांत मार्ग रुंद झाला, तेव्हां मीटरमापाच्या इंजिनाला त्या रुळांवर जागाच उरली नाहीं. येथें हाली-कलदाराचा भाव कोणी ठरविणार नव्हता.

जुनें नव्याशेजारीं टिकतें कीं त्याच्या पायांखालीं चिरडलें जातें, हें पुष्कळदां जुन्याच्या गुणांवर ठरत नाहीं. नवें यंत्र जुन्याला ओळखतें कीं नाहीं ह्यावर ठरतें. घरोघरच्या चित्र-तबकड्यांचा इतिहास ह्याचीच साक्ष देतो.

गाण्याची कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्यें बाजारांत आली. व्यास बारा सेंटिमीटर, जाडी एक मिलिमीटरहून किंचित् अधिक. १९९३ मध्यें फिलिप्स, सोनी, मात्सुशिता व जेव्हीसी ह्या कंपन्यांनीं तेवढ्याच आकारांत हलतें चित्र बसविलें, तीच व्हीसीडी. तिच्यांत सुमारें ७४ मिनिटें मावत. आपला हिंदी चित्रपट अडीच-तीन तासांचा, त्यामुळें त्याच्या दोन किंवा तीन तबकड्या होत, आणि ऐन रंगांत आलेल्या प्रसंगीं घरांतल्या कोणाला तरी उठून तबकडी बदलावी लागे. चित्रहि फारसें रेखीव नव्हतें. तीन वर्षांनीं, १९९६ च्या नोव्हेंबरांत, जपानांत डीव्हीडी निघाली. तिच्या एका थरांत ४.७ गिगाबाइट माहिती राही व सबंध चित्रपट एकाच तबकडीवर येई. २००६ मध्यें ब्लू-रे आली व हें प्रमाण २५ गिगाबाइटांवर गेलें.

ही वाढ साधली कशी? तबकडीवरील खुणा प्रकाशकिरणानें वाचावयाच्या असतात, आणि किरणाची लहर जितकी आंखूड, तितकी बारीक खूण त्याला दिसते. पहिल्या तबकडीसाठीं ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त किरण होता. डीव्हीडीसाठीं ६५० चा तांबडा. ब्लू-रेसाठीं ४०५ चा निळसर जांभळा. अक्षर लहान होत गेलें, पण पान तेवढेंच राहिलें. आकार कायम ठेवला गेला म्हणून नव्या यंत्रांत जुन्या किरणाचीहि सोय करतां आली. डीव्हीडीचीं बहुतेक यंत्रें व्हीसीडी वाचीत, ब्लू-रेचीं बहुतेक यंत्रें डीव्हीडी वाचतात. कारखानदारांचा हा उदारपणा नव्हता. ज्याच्या कपाटांत पन्नास तबकड्या आहेत तो, त्या निरुपयोगी होणार असतील तर, नवें यंत्र घेण्यापूर्वीं दहा वेळां विचार करतो, हें ते जाणून होते. ग्रामोफोनच्या काळींहि असेंच घडलें होतें. १९४८ मध्यें दीर्घवादी तबकडी निघाली, पण तीन वेगांच्या यंत्रावर ७८ फेऱ्यांची जुनी तबकडीहि फिरे. भारतांत तर ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० नंतरहि निघत राहिल्या.

ह्या सोयीचा एक परिणाम मात्र कारखानदारांच्या अपेक्षेबाहेरचा असावा. जुनी तबकडी दोन्ही यंत्रांवर चालते, नवी मात्र नव्यावरच. मग अंबड किंवा भोकरदनसारख्या तालुक्याच्या गांवीं दुकानदारानें कोणती ठेवावी? जी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरीं चालेल ती. मोझर बेअर कंपनीनें ह्या धंद्यांत उतरतांना व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली. अंतर अवघें सहा रुपयांचें; तरीहि व्हीसीडी काढणें कंपनीस सोडतां आलें नाहीं. खरा अडसर तबकडीच्या किमतीचा नव्हता, घरांतल्या यंत्राचा होता. शिवाय लहान काचेच्या दूरचित्रवाणीवर दोन्हींतला फरक कितीसा दिसणार! २०१८ मध्यें खुद्द त्या कंपनीच्याच विसर्जनाचा हुकूम झाला. तोंवर चित्रपट तबकडी सोडून तारांतून व आकाशांतून घरांत येऊं लागले होते.

विकत घेतलेल्या चित्रपटाचें ठीक आहे. तो दुसरीकडून मिळेल. लग्नाच्या तबकडीचें तसें नाहीं. मराठवाड्यांतल्या किती तरी घरांत मांडवांतली मंगलाष्टकें, मागाहून निवर्तलेल्या आजोबांचा आवाज, आणि आतां पडून गेलेल्या वाड्याचें अंगण हें सर्व एकाच, घरगुती रीतीनें भरलेल्या तबकडीवर आहे. अशा तबकडीवरील खुणा बहुधा रंगद्रव्याच्या थरांत उमटविलेल्या असतात, आणि ऊन व दमट हवा त्या थराचे शत्रु. जालन्याच्या उन्हाळ्यांत पत्र्याखालच्या कपाटाची कल्पना करावी! त्यांतच नव्या संगणकांतून तबकडीचा खण नाहींसा होत चालला आहे. फुनाई कंपनीनें २०१६ मध्यें व्हीएचएस फितीचीं यंत्रें बनविणें थांबविलें, तेव्हां फितींच्या वांट्याला जें आलें तेंच ह्या तबकड्यांच्या वांट्याला येणार, असा रंग दिसतो. हाली रुपया रद्द झाला तरी त्यांतली चांदी उरली होती. न वाचतां येणाऱ्या तबकडीचें तेवढेंहि मोल उरत नाहीं.

सुदैव इतकेंच कीं, व्हीसीडीला कसलेंहि कुलूप नव्हतें. डीव्हीडीवर असणारीं देशपरत्वें बंधनेंहि तिला नव्हतीं. एखाद्या छायाचित्रकाराच्या दुकानांत किंवा शेजारच्या जुन्या संगणकांत वाचणारा खण अजून चालू असेल, तर तिच्यावरचें सारें लग्न उतरवून घेण्यास कांहीं मिनिटें पुरतात.