ॲमस्टरडॅमच्या सायकली: रस्त्यावरून नगरसभेपर्यंत

१/ ॲमस्टरडॅम म्हटले की कालव्यांच्या काठाने धावणाऱ्या सायकली डोळ्यांपुढे येतात. सपाट भूमी आणि डच स्वभाव, अशी कारणे सहसा सांगितली जातात. मात्र १९६० च्या दशकात हेच शहर सायकलीला निरोप देण्याच्या बेतात होते. ते मागे कसे फिरले, त्याविषयीचा हा धागा.

२/ महायुद्धानंतर सुबत्ता आली आणि मोटारी वाढल्या. १९५४ मध्ये शहराचे पोलीसप्रमुख कासयाखर यांनी कालवे बुजवून मोटारींसाठी रस्ते करण्याची योजना मांडली. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या अमेरिकी नियोजकाने शहराच्या गाभ्यापर्यंत महामार्ग सुचवले. नियोजकांच्या लेखी सायकल मावळतीला लागली होती.

३/ १९६५ मध्ये ‘प्रोवो’ या बंडखोर तरुणांच्या गटाने वेगळा विचार मांडला: पांढऱ्या रंगाच्या, कुलूप नसलेल्या, सर्वांसाठी मोफत सायकली. कल्पना लुड स्खिमेलपेनिंक यांची. बिनकुलपाची सायकल नियमबाह्य ठरवून पोलिसांनी त्या जप्त केल्या. पुढे स्खिमेलपेनिंक नगरसभेत गेले. तेथेही प्रस्ताव फेटाळला गेला.

४/ मग आले १९७१. त्या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पत्रकार विक लांगेनहॉफ यांची मुलगी त्यांपैकीच एक. १९७२ मध्ये त्यांनी ‘दे तैद’ या वृत्तपत्रात लेख लिहिला. ‘मुलांची हत्या थांबवा’ या त्यातील हाकेतून चळवळ उभी राहिली. पालकांनी अपघातांच्या जागी रस्ते अडवले.

५/ त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या ‘डे पाइप’ या दाट वस्तीतील मुलांनी खेळण्यासाठी मोकळा रस्ता मागितला, सह्या गोळा केल्या आणि मोटारींची वाट स्वतः अडवली. मतदानाचा हक्क नसलेले नागरिक नगरधोरणावर बोलू लागले होते!

६/ १९७३ च्या तेलसंकटात सरकारने काही रविवारी मोटारींवर बंदी घातली. मोकळे रस्ते लोकांनी प्रत्यक्ष अनुभवले. १९७५ मध्ये ‘एकमेव खरी डच सायकलस्वार संघटना’ स्थापन झाली. नावातला टोमणा १८८३ च्या जुन्या सायकल संघटनेला होता. ती एव्हाना मोटारधारकांची झाली होती. जुन्या संघटनेने न्यायालयात जाऊन हे नाव बदलायला लावले.

७/ नव्या संघटनेची खरी ताकद मोर्च्यांच्या जोडीने केलेल्या चिकाटीच्या कामात होती. रोज सायकल चालवणारे सभासद धोक्याची वळणे, तुटक मार्ग आणि अडचणीचे चौक नोंदवत. ती माहिती नगरपालिकेपुढे ठेवली जाई. १९७८ च्या निवडणुकीनंतर ॲमस्टरडॅमच्या वाहतूक धोरणाने मोटारीकडून सायकलीकडे स्पष्ट वळण घेतले.

८/ विरोधही लोकांचाच होता. हेगमध्ये नमुन्यादाखल बांधलेल्या सायकलमार्गाला दुकानदारांनी कडाडून विरोध केला. शिवाय एकच देखणा मार्ग बांधून नवे सायकलस्वार फारसे वाढत नाहीत, हे तेथे दिसले. म्हणून डेल्फ्टने १९८० च्या दशकात संपूर्ण शहराचे जाळे विणले.

९/ आपल्या महापालिका आराखडा तयार करून मग ‘हरकती व सूचना’ मागवतात. ॲमस्टरडॅममध्ये हरकती आधी रस्त्यावर आल्या, त्यांतून सूचना घडल्या आणि आराखडा त्यांच्यामागून आला. या क्रमासाठी मोजलेली किंमत मात्र चौथ्या भागातील आकड्यांत आहे.