त्यांना ४ दिवस, आपल्याला ४० दिवस? चंद्रावर माणूस गेल्याचे पुरावे महाराष्ट्रातही आहेत

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळचे ६ वाजून ४ मिनिटं. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, तेव्हा इस्रोच्या यूट्यूब चॅनलवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक ते बघत होते. पेढे वाटले गेले, फटाके फुटले. आणि त्याच मोबाईलवर, त्याच ग्रुपमध्ये एक प्रश्नही फिरू लागला: आपल्याला चंद्रावर पोहोचायला ४० दिवस लागले, मग १९६९ मध्ये अमेरिका ४ दिवसांत कशी पोहोचली? म्हणजे ते सगळं स्टुडिओतलंच ना?

प्रश्न चुकीचा नाही. उत्तर न शोधताच तो फॉरवर्ड होतो, तिथे गडबड होते.

४ दिवस आणि ४० दिवस

अपोलो ११ हे यान १६ जुलै १९६९ ला निघालं. भारतीय वेळेनुसार २१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर १ वाजून ४७ मिनिटांनी ते चंद्रावर उतरलं. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ होती, ८ वाजून २६ मिनिटं.

फरक रॉकेटचा आहे. अपोलोला घेऊन जाणारं सॅटर्न-५ हे १११ मीटर उंच, म्हणजे साधारण ३६ मजली इमारतीएवढं होतं. इंधनासह वजन सुमारे २,९०० टन. ते जवळपास ४५ टनांचं यान थेट चंद्राच्या दिशेने भिरकावू शकत होतं. आपलं एलव्हीएम-३ रॉकेट ४३.५ मीटर उंच आणि ६४० टनांचं. चांद्रयान-३ चं वजन ३.९ टन. एवढं वजन चंद्राच्या वाटेवर एका दमात ढकलण्याइतकी ताकद या रॉकेटमध्ये नाही. म्हणून इस्रोने यान आधी पृथ्वीभोवतीच फिरवलं, दर काही दिवसांनी इंजिन थोडा वेळ चालवून कक्षा लांबवत नेली आणि १ ऑगस्टला त्याला चंद्राची वाट धरायला लावली. ५ ऑगस्टला ते चंद्राच्या कक्षेत होतं. म्हणजे प्रत्यक्ष चंद्राकडचा प्रवास आपलाही चार-पाच दिवसांचाच होता. आधीचे दिवस झोका मोठा करण्यात आणि नंतरचे चंद्राभोवतीची कक्षा हळूहळू लहान करण्यात गेले.

याचा पडताळा त्याच महिन्यात मिळाला होता, पण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. रशियाचं लूना-२५ हे यान ११ ऑगस्ट २०२३ ला, चांद्रयानानंतर चार आठवड्यांनी निघालं आणि १६ तारखेला चंद्राच्या कक्षेत पोहोचलं. पाच दिवसांत. १९ तारखेला ते चंद्रावर आदळलं, हा भाग वेगळा. माणसं घेऊन जाणाऱ्या यानाला तर रेंगाळणं परवडतच नाही. ऑक्सिजन, अन्न, पाणी सगळं मोजून नेलेलं असतं.

संभाजीनगरच्या गच्चीवरून झेंडा का दिसत नाही?

छत्रपती संभाजीनगरमध्ये एमजीएमचं एपीजे अब्दुल कलाम ॲस्ट्रोस्पेस सायन्स सेंटर आहे. अशा कुठल्याही केंद्रात दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो: झेंडा दिसेल का?

नाही दिसणार. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर दूर आहे. पृथ्वीवरचं वातावरण सतत थरथरत असतं. त्यामुळे बऱ्यापैकी चांगल्या रात्रीही जमिनीवरच्या दुर्बिणीतून चंद्रावरची साधारण १.८ किलोमीटरहून लहान गोष्ट स्पष्ट दिसत नाही. हा आकार डोळ्यांसमोर आणायचा तर शहरापासून दीडशेएक किलोमीटरवरचं बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आठवा. लोणारच्या विवराचा व्यास जवळपास तेवढाच आहे. म्हणजे अख्खं लोणार सरोवर उचलून चंद्रावर ठेवलं, तर ते दुर्बिणीतून एक बारीक ठिपका म्हणून कसंबसं दिसेल. अपोलोचं लँडर पाय पसरून जेमतेम साडेनऊ मीटर रुंद होतं, आणि झेंडा दीड मीटरचा.

वातावरण नसतं तरी? जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या संस्थेची २ मीटर आरशाची दुर्बीण आहे. तिची गणिती मर्यादा चंद्रावर सव्वाशे मीटरच्या आसपास येते. अंतराळातली हबल दुर्बीणही शंभरेक मीटरपाशी थांबते. झेंडा बघायचा असेल तर सुमारे पावणेदोनशे मीटरचा आरसा लागेल. असा आरसा जगात कुठेही नाही.

मग जवळ जाऊन बघायचं. ते काम भारताने केलंय. चांद्रयान-१ च्या कॅमेऱ्याने अपोलो १५ उतरलं त्या जागी इंजिनाच्या झोताने धूळ उडून झालेला वेगळ्या रंगाचा पट्टा टिपला. अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. चांद्रयान-२ चं लँडर २०१९ मध्ये कोसळलं, पण ऑर्बिटर शाबूत राहिला. त्याचा कॅमेरा १०० किलोमीटर उंचीवरून २५ सेंटिमीटरपर्यंतचे तपशील टिपतो. २०२१ मध्ये त्याने अपोलो ११ आणि अपोलो १२ च्या जागांचे फोटो काढले. लँडरचा खालचा भाग तिथेच आहे, सावलीसकट. ‘नासावर विश्वास नाही’ म्हणणाऱ्यांसाठी हा इस्रोचा फोटो आहे.

वेरूळचा दगड आणि चंद्राचा दगड

फोटो बनवता येतात, हा आक्षेप उरतोच. एआयच्या काळात तो आणखी वाढणार. म्हणून दगडांकडे वळावं लागतं. दगडांची साक्ष फोटोंपेक्षा भक्कम आहे.

अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगड-माती आणली. त्यातला बराचसा दगड बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. वेरूळ-अजिंठ्याची लेणी बेसॉल्टमध्येच कोरलेली आहेत, शहराखालचा काळा पाषाणही तोच. मग नासाने दख्खनसारख्याच कुठल्यातरी पठारावरून दगड उचलून ‘चंद्राचा’ म्हणून दाखवला असता तर?

पकडले गेले असते. दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आहे. अपोलो ११ ने आणलेला बेसॉल्ट साडेतीनशे कोटी वर्षांहून जुना. आपल्या दगडात पाणी मुरलेलं असतं, त्याने खनिजं बदलतात, लोखंड गंजतं. चंद्राचा दगड अगदी कोरडा, गंज जवळपास नसतोच. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उल्का आदळून झालेले, सूक्ष्मदर्शकातून दिसणारे खड्डे असतात. पृथ्वीवर हवा असल्याने असे खड्डे पडतच नाहीत.

आणि हे तपासलं कुणी? जगभरच्या प्रयोगशाळांनी. त्यातली एक मुंबईत कुलाब्याला होती: टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथे देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोचे नमुने अभ्यासले. अंतराळातून येणारे लोखंडासारखे जड अणुकेंद्र दगडातल्या स्फटिकात घुसले की बारीक चरा उमटतो. स्फटिकावर रसायनाची प्रक्रिया केली की हे चरे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. लाखो वर्षं उघड्यावर पडलेल्या दगडात ते साठत जातात. नरेंद्र भंडारी, ए. एस. तम्हाणे, व्ही. एस. वेंकटवरदन अशी नावं असलेले या गटाचे शोधनिबंध १९७१ च्या चांद्रविज्ञान परिषदेच्या इतिवृत्तात आहेत. वेंकटवरदन पुढे मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. लाखो वर्षांचे चरे बनवून देणारा स्टुडिओ १९६९ मध्ये नव्हता. आजही नाही.

‘उल्का गोळा केल्या असतील’ हा त्यावरचा चलाख प्रतिवाद. पण वातावरणातून येताना उल्केचं बाहेरचं आवरण जळून जातं, आणि सौर वादळांतल्या कणांचे चरे नेमके याच बाहेरच्या थरात असतात. शिवाय चंद्रावरून आलेली पहिली उल्का ओळखली गेली ती १९८० च्या दशकात, अंटार्क्टिकात. ओळखली कशी, तर अपोलोच्या दगडांशी जुळवून.

लोणारही या गोष्टीत पुन्हा येतं. बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, चंद्रावर मात्र जिकडेतिकडे. म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी लोणारला खोदकाम केलं. आघाताने बदललेल्या तिथल्या खडकाची आणि काचेची तुलना चंद्राच्या नमुन्यांशी झाली. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाने लोणार हे उल्कापाताचंच विवर असल्याचं पक्कं केलं. बुलढाण्यातला दगड आणि ह्यूस्टनमधला दगड एकमेकांची साक्ष देतात, असं म्हणायला हरकत नाही.

बाकीचे आक्षेप

झेंडा हवेत फडकताना दिसतो, कारण तो आडव्या दांडीवर लावला होता. रोवताना दांडी फिरवली की कापड हलतं, आणि हवेचा अडथळा नसल्याने हलतच राहतं. आकाशात तारे नाहीत? रात्री क्रांती चौकात दिव्यांखाली उभ्या मित्राचा मोबाईलवर फोटो काढून बघा, त्यातही तारे येत नाहीत. उन्हात चमकणाऱ्या जमिनीसाठी कॅमेरा बेतला की मंद तारे निसटतात.

‘मग पुन्हा का नाही गेले?’ हा सगळ्यात रास्त प्रश्न. गेले होते: १९६९ ते १९७२ दरम्यान १२ जण चंद्रावर चालले. नंतर पैसा आटला. १९६६ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारच्या खर्चातले जवळपास साडेचार टक्के नासाकडे जात होते, अलीकडे हा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. रशियाला हरवायचं होतं, हरवलं, आणि अपोलो १८, १९, २० रद्द झाल्या. नव्या आर्टेमिस कार्यक्रमातलं पहिलं, माणसांशिवायचं उड्डाण थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये झालं. आर्टेमिस-२ साठी निवडलेल्या चौघांची मोहीमही चंद्राला वळसा घालून परतण्यासाठी आखलेली होती, उतरण्यासाठी नाही. त्यामुळे ‘उतरले का नाहीत?’ हा पुढचा फॉरवर्ड ठरलेलाच.

काही पुरावे मात्र वाटतात तेवढे भक्कम नाहीत, हेही सांगायला हवं. अपोलोने चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेझर परत येतो, हे खरं. पण सोव्हिएत रशियाने असे आरसे माणसाशिवाय, यंत्राने पोहोचवले होते. त्यामुळे एकटा आरसा माणूस गेल्याचं सिद्ध करत नाही. ३८२ किलो दगड करतात: रशियाच्या तीन यंत्रमोहिमा मिळून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपासच माती आणू शकल्या.

आणि रशिया गप्प का बसला असता? अपोलो ११ चंद्रावर असताना रशियाचं लूना-१५ चंद्राभोवतीच फिरत होतं, आणि दोन्हींचे संदेश ब्रिटनमधली जॉड्रेल बँक वेधशाळा ऐकत होती. अंतराळातला रेडिओ संदेश ज्याच्याकडे योग्य अँटेना आहे त्या कुणालाही ऐकू येतो. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने टिपला होता. तो मध्येच थांबला. यान कोसळलं होतं, आणि त्याची पहिली चाहूल जुन्नर तालुक्यात लागली.

चांद्रयान-३ बद्दलही ‘हे तर ॲनिमेशन’ असं म्हटलं गेलं. थेट प्रक्षेपणातलं ते चित्र खरोखरच ॲनिमेशन होतं. यानाकडून येणाऱ्या आकड्यांवर ते चालत होतं, कारण बाहेर उभा राहून शूटिंग करायला तिथे कुणी नव्हतं. लँडरच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने उतरताना घेतलेला व्हिडिओ इस्रोने दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केला. चंद्राच्या मातीवर उमटलेल्या राजमुद्रेचा जो फोटो तेव्हा व्हायरल झाला, तो मात्र एका कलाकाराने संगणकावर बनवलेला होता. तो किती जणांनी अभिमानाने पुढे पाठवला, हे आपापल्या फोनमध्ये तपासता येईल.

अपोलो ११ ची जागा बघायची असेल तर शुक्ल षष्ठी किंवा सप्तमीची संध्याकाळ निवडा, साधी द्विनेत्री पुरेल. चंद्राचा उजळ भाग आणि अंधार यांच्या सीमेजवळ मोठा काळपट डाग दिसतो. हा शांततेचा सागर. नावाला सागर, प्रत्यक्षात थिजलेला लाव्हा. अपोलो ११ त्याच्या नैर्ऋत्य कडेला उतरलं होतं.