बांदोल : मूर्वेद्र द्राक्षापासूनची दीर्घकाळ टिकणारी लाल वाइन

फ्रान्सच्या दक्षिणेला, मार्सेय आणि तुलाँ या बंदरांदरम्यान भूमध्य समुद्राच्या काठी बांदोल हे गाव आहे. बांदोलसह परिसरातील आठ गावांच्या शिवारात तयार होणारी लाल वाइन याच नावाने विकली जाते. चांगल्या वर्षातील बाटली १०-२० वर्षे सहज टिकते आणि त्या काळात तिची चव सुधारत जाते. या टिकाऊपणाचे मूळ द्राक्षाची जात आणि मर्यादित उत्पादन यांत आहे.

जात

मूर्वेद्र ही मुख्य जात असून ती मूळची स्पेनची. तेथे तिला मोनास्त्रेल म्हणतात. मणी लहान, साल जाड. सालीत रंगद्रव्ये व टॅनिन भरपूर असतात. जात उशिरा पक्व होते. ऊब कमी पडली तर घड पूर्ण पिकत नाहीत.

जमीन व हवामान

जमीन चुनखडीयुक्त, दगडगोट्यांची व चांगल्या निचऱ्याची आहे. उतारावर दगडी बांध घालून पायऱ्यांची शेती केली जाते. या बांधांना तेथे 'रेस्तांक' म्हणतात. उन्हाळा कोरडा असतो. पावसानंतर वायव्येकडून येणारा 'मिस्त्राल' वारा घड लवकर सुकवतो, त्यामुळे बुरशीजन्य रोगांचा धोका कमी होतो.

जात मागे का पडली?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळांवर जगणाऱ्या फायलोक्झेरा किडीने फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय म्हणून अमेरिकन खुंटांवर कलमे करून नवी लागवड सुरू झाली. मूर्वेद्रची कलमे त्या खुंटांवर नीट जमत नव्हती. त्यातच ही जात उत्पादनाला कमी. त्यामुळे अनेकांनी भरघोस पीक देणाऱ्या जाती लावल्या. उत्पादन वाढले, पण बांदोलची जुनी ओळख पुसली जाऊ लागली.

दोमेन तांपिए या वाइनरीचे लुसियां पेरो आणि काही उत्पादक यांनी मूर्वेद्रची लागवड पुन्हा वाढवली. १९४१ मध्ये बांदोलला नामांकन मिळाले. पुढे वाइनमधील मूर्वेद्रचे किमान प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आले.

लाल वाइनसाठी नियम

- मूर्वेद्र किमान ५० टक्के. सोबत मुख्यतः ग्रनाश व सँसो.
- उत्पादन मर्यादा हेक्टरी ४० हेक्टोलिटर, म्हणजे ४,००० लिटर. द्राक्षांच्या हिशेबात हे एकरी साधारण २ टन होते.
- काढणी हातानेच.
- लाकडी पिंपात किमान १८ महिने मुरवण.

मुरवण कशी होते?

मणी सालीसह आंबवले जातात, त्यामुळे रंग व टॅनिन रसात उतरतात. पारंपरिक पद्धतीत ही वाइन ओकच्या मोठ्या, जुन्या पिंपांत ठेवतात. हवा न मिळाल्यास मूर्वेद्रच्या वाइनला कुबट वास येऊ शकतो. लाकडातून अत्यल्प हवा आत जाते आणि हा दोष टळतो. जुन्या लाकडाचा स्वाद वाइनवर हावी होत नाही. काळानुसार टॅनिन व रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जातात आणि तुरटपणा मऊ होतो.

द्राक्ष उत्पादकांनी काय घ्यावे?

मूर्वेद्र आणून लावणे हा यातला धडा नाही. बांदोलचा वेल हिवाळ्यात विश्रांती घेतो आणि एकदाच छाटला जातो. आपल्याकडे एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्या होतात, त्यामुळे तेथील वेळापत्रक इथे लागू होत नाही. लागू होते ते सूत्र. नाशिक व्हॅली वाइनलाही भौगोलिक मानांकन आहे. नावाला भाव हवा असेल, तर जात, वेलीवरील घडांची संख्या आणि काढणीची वेळ यांवर उत्पादकांनी मिळून मर्यादा पाळावी लागते. वाइन द्राक्षाची लागवड करण्यापूर्वी वाइनरीशी जात, गोडी, आम्लता व दर यांचा लेखी करार करावा. एकरी २ टनांची मर्यादा दर टिकला तरच परवडते.