छातीचा फोटो

इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त राहायला जायचं असेल तर भारतातून निघण्याआधीच छातीचा फोटो काढावा लागतो. क्षय नसल्याचा दाखला नसेल तर व्हिसा नाही. फोटोत डाग दिसला की थुंकीची तपासणी, आणि तिच्या कल्चरचा निकाल यायला आठेक आठवडे लागतात. तोवर एखाद्याचं कॉलेज सुरूसुद्धा होऊन जातं.

पूर्वी ही तपासणी तिकडे उतरल्यावर होई. हीथ्रो विमानतळावर कित्येक वर्षं त्यासाठी एक्स-रेचं यंत्र होतं. पण फोटोत दिसतो तो जागा झालेला क्षय. जगातल्या साधारण पाव लोकांच्या अंगात हे जंतू नुसते झोपलेले असतात. त्यांतल्या शंभरात पाच-दहा जणांनाच पुढे कधीतरी आजार होतो. ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्यांचा क्षय उघड व्हायचा तो बहुतेकदा तिथे काही वर्षं काढल्यावर. विमानतळावर तो दिसणार तरी कसा? २०१२ मध्ये ती पद्धत बंद करून मायदेशीच तपासायचं ठरलं. २०१५ पासून इंग्लंडमध्ये क्षय जास्त असलेल्या देशांतून नव्याने आलेल्या तरुणांची सुप्त क्षयासाठी रक्ततपासणीही सुरू झाली.

याचा दुसरा धागा आपल्याकडे आहे. १९५६ मध्ये मद्रासला ब्रिटिश आणि भारतीय संशोधकांनी मिळून एक प्रयोग सुरू केला. गरीब रुग्णांपैकी निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपल्याच दाटीच्या घरात. औषधं दोघांनाही तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना क्षय जास्त झाला नाही. म्हणजे संसर्ग थांबवायला रुग्णाला दूर ठेवणं नव्हे, औषध वेळेवर सुरू होणं महत्त्वाचं.

इंग्लंडमध्ये क्षयाचा उपचार सगळ्यांना मोफत आहे, व्हिसा असो वा नसो. मला हा नियम दाखल्यापेक्षा मोठा वाटतो. हाकलून देतील या भीतीने जो खोकला लपवतो, त्याला कुठलंच यंत्र शोधू शकत नाही. तो स्वतःहून डॉक्टरकडे गेला तरच शेजारी सुरक्षित.

आपल्याकडेही मजूर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, आणि गाव बदललं की गोळ्या सुटतात. त्यांना अडवून काय साधणार? नव्या गावी त्यांच्या गोळ्या चालू राहतील, एवढं आधी बघायला हवं.