भयाची गोडी आणि परिणामाचा धाक

भयपटाविषयी दोन प्रश्न सातत्याने विचारले गेले आहेत. भिववणारी गोष्ट पैसे मोजून पाहावीशी का वाटते, हा पहिला. आणि ती पाहिल्याने पाहणाऱ्याचे काय होते, हा दुसरा. पहिला प्रश्न अभिरुचीचा आहे, दुसरा परिणामाचा. तर्कदृष्ट्या हे दोन प्रश्न स्वतंत्र असले तरी इतिहासात ते क्वचितच स्वतंत्र राहिले. परिणामाची चर्चा जेव्हा जेव्हा जोराने झाली तेव्हा चर्चा करणारा वर्ग आणि ज्याच्यावर परिणाम होतो असे मानले गेले तो वर्ग, हे बहुधा भिन्न होते. प्रौढांनी मुलांची, शिक्षितांनी अशिक्षितांची, महानगराने तालुक्याच्या गावाची काळजी वाहिली. पडद्यावरील भुतामुळे आपले स्वतःचेच वर्तन बिघडेल, असे सांगणारा परीक्षक या इतिहासात सहसा भेटत नाही. परिणामाविषयीची विधाने पुष्कळदा परक्या अभिरुचीवरील निवाडे असतात, हे या इतिहासातील काही टप्प्यांवरून दाखवता येते.

भय आणि प्रकृती यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे. नाट्यशास्त्रात भय हा स्थायिभाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची माणसे यांच्या ठिकाणी सांगितला आहे. हे विधान पात्रांविषयीचे आहे, प्रेक्षकांविषयीचे नव्हे. परंतु भिणे हे हीनत्वाचे लक्षण मानण्याची वाट त्यातून मोकळी झाली. प्रेक्षकांचा विचार भरताने वेगळा केला आहे. तरुणांना शृंगार रुचतो, शूरांना बीभत्स आणि रौद्र, वृद्धांना धर्माख्याने, अशी अभिरुचीची विभागणी तो करतो, आणि एकाच प्रेक्षकाच्या ठिकाणी सर्व गुण असणे शक्य नाही हेही ओळखतो. अभिनवगुप्ताने याच्या पुढचे पाऊल टाकले. रसप्रतीतीचे स्वरूप उलगडताना त्याने कालिदासाच्या 'शाकुंतला'तील, दुष्यन्ताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले. ते हरीण कोण्या विशिष्ट ठिकाणचे राहत नाही, त्याला भिववणाराही लौकिक अर्थाने खरा नसतो. म्हणून स्थळकाळाच्या स्पर्शापासून सुटलेले केवळ भयच प्रेक्षकाच्या प्रतीतीत उरते. 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला' या लौकिक अनुभवांहून ही प्रतीती निराळी होय. साधारणीकरणाचे हे विख्यात विवेचन भयाच्या आधाराने उभे आहे, ही बाब पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

मराठी समीक्षेने या प्रश्नाला हात घातला तो प्रामुख्याने करुणरसाच्या निमित्ताने. दुःखपर्यवसायी कृतीतून आनंद कसा होतो, याभोवती आपली रसचर्चा दीर्घकाळ फिरत राहिली. न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना या संदर्भात महत्त्वाची आहे. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु स्वत्वाचे भान सोडत नाही, हा तिचा गाभा. ही कल्पना भयपटाला जितकी चपखल लागू पडते तितकी क्वचितच अन्य कोणत्या प्रकाराला लागू पडेल. अंधाऱ्या जिन्यावरून नायिका वर चढू लागते तेव्हा प्रेक्षक तिच्याबरोबर चढत असतो आणि त्याच वेळी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेला असतो. तरीही भयानकाची स्वतंत्र मीमांसा मराठीत फारशी झाली नाही. करुणाचा आस्वाद सुसंस्कृततेची खूण ठरला आणि भयाची गोडी ही बाल्याची किंवा अडाणीपणाची.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाला प्रयोगशाळेचे रूप आले ते बोलपटाच्या प्रारंभी. १९३१ साली 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' हे दोन अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाले. 'फ्रँकेन्स्टाइन'च्या आरंभी एक नट पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना धोक्याची सूचना देतो. हा परिणामाचा इशाराही होता आणि अभिरुचीला दिलेले आमंत्रणही. या चित्रपटात एक लहान मुलगी राक्षसाबरोबर तळ्यात फुले टाकते. फुले संपल्यावर तीही तरंगेल अशा समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. परीक्षकांना हे दृश्य सोसले नाही. कापलेल्या प्रतीत राक्षस मुलीकडे हात पुढे करतो आणि दृश्य तुटते. पुढे तिचे प्रेत तेवढे दिसते. मूळ दृश्यात अजाणपणा होता. कात्रीने तो काढून टाकला आणि त्या जागी कितीतरी अभद्र कल्पनेला वाव ठेवला. गाळलेला भाग १९८०च्या दशकात पुन्हा जोडला गेला. परिणाम रोखण्यासाठी केलेली कृतीच नवा परिणाम घडवते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

याच सुमारास पेन फंडाच्या साहाय्याने झालेले संशोधन १९३३पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागले. त्यातील एका अभ्यासात चित्रपट पाहणाऱ्यांच्या त्वचेतील विद्युत्-प्रतिक्रिया मोजल्या गेल्या. दुसऱ्यात मुले रात्री झोपेत किती चाळवतात, याची पलंगाला जोडलेल्या यंत्राने नोंद झाली. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर याने मात्र तरुणांकडून स्वतःच्या चित्रपटानुभवाची निवेदने लिहवून घेतली. भयाने झपाटले जाणे हा जसा त्याच्या ग्रंथाचा विषय आहे, तसाच त्या झपाटण्यापासून अलिप्त होणे हाही. मित्रांच्या थट्टेमुळे, चित्रपट कसा बनतो याच्या ज्ञानामुळे, वाढत्या वयामुळे प्रेक्षक अंतर राखावयास शिकतो. भय वाटणे आणि भय हाताळणे या दोहोंची नोंद येथे आहे. परंतु लोकांपर्यंत पोहोचले ते हेन्री जेम्स फोरमन याचे त्याच वर्षीचे सुबोध पुस्तक. त्याने या तपशिलातून चित्रपटाने घडवलेल्या, किंबहुना बिघडवलेल्या, मुलांचे सरधोपट चित्र उभे केले. १९३४पासून हॉलिवूडमध्ये निर्मितिसंहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली, ती अशा वातावरणात.

भारतात हा विचार वसाहतवादी चिंतेतून आला. १९२७-२८च्या रंगाचारियर समितीपुढील चर्चेत, पडद्यावरचे दृश्य निरक्षर प्रेक्षकाच्या मनावर विशेष ठसते, ही धारणा वारंवार डोकावते. स्वातंत्र्यानंतरही तिचा अवशेष राहिला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या दाव्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांचे पूर्वपरीक्षण वैध ठरवले ते, चित्रपट इतर कलांपेक्षा भावना अधिक खोलवर हलवतो, या कारणाने. प्रेक्षकाची ग्रहणशीलता हा येथे त्याच्यावरील नियंत्रणाचा आधार झाला.

योगायोगाने त्याच वर्षी रामसे कुटुंबाचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट अपयशी ठरला. मात्र मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात त्या दृश्याला प्रेक्षक दाद देतात, हे चित्रपटगृहात बसून रामसे बंधूंनी हेरले, अशी हकिकत त्या कुटुंबात सांगितली जाते. त्यातून १९७२चा 'दो गज जमीन के नीचे' निघाला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरला, घरचीच माणसे हाताशी धरून, अल्प खर्चात झाले. पुढे 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) यांनी लहान गावांतील चित्रपटगृहे भरली. समीक्षकांनी या चित्रपटांना कलाकृती म्हणून क्वचितच वाचले. त्यांच्या प्रेक्षकाला तर कोणी विचारलेच नाही. अलीकडच्या अभ्यासकांनी या चित्रपटांकडे गंभीरपणे पाहावयास प्रारंभ केला आहे, तोपर्यंत त्या प्रेक्षकांची एक पिढी सरली होती.

भयपटाचा परिणाम होतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांनी पडद्यावरील एखाद्या दृश्याने दीर्घकाळ भय वाटल्याचे सांगितले, आणि चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक जणांना त्याचा अवशेष अजूनही जाणवत होता. परंतु परिणाम कोणावर, कोणाच्या सहवासात आणि कशा रुचीवर, हे प्रश्न टाळता येत नाहीत. १९८६च्या एका प्रयोगात तरुणांना भयपट अधिक रुचला तो शेजारी घाबरणारी तरुणी असताना. तरुणींना सर्वांत कमी रुचला तो शेजारचा तरुण घाबरत असताना. भय स्त्रीचे आणि धैर्य पुरुषाचे, ही नाट्यशास्त्रातील विभागणी येथे प्रेक्षागृहात उतरलेली दिसते. भयपटाची गोडी केवळ व्यक्तीच्या स्वभावात नसते; कोणी भ्यावे आणि कोणी भिऊ नये, या सामाजिक संकेतातही ती असते. २०२१मधील एका अभ्यासात महासाथीच्या काळात भयपटाचे चाहते मानसिकदृष्ट्या तुलनेने कमी खचल्याचे आढळले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरीही भयाची आवड म्हणजे मनाचे दौर्बल्य, या जुन्या समीकरणाला त्याने धक्का दिला आहे.

मराठीपुरते पाहता ही चर्चा केवळ ऐतिहासिक राहत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा-गूढकथांना मोठा वाचक लाभला, परंतु वाङ्मयेतिहासात त्यांच्या या लेखनाची दखल बहुधा 'लोकप्रिय' या एका शब्दात आटोपली जाते. धारपांच्या कथेचे ऋण मानणारा, महाराष्ट्राच्या मातीत रुजलेला राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा त्याला मर्यादित प्रतिसाद मिळाला. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने आधीच्याहून अधिक उत्पन्न मिळवले. चित्रपट तोच होता. मधल्या सहा वर्षांत बदलला तो त्याचा प्रेक्षक. भयपटाच्या अंगी स्थिर असा परिणाम असता तर हे घडले नसते. अभिरुची घडते, पसरते, एकमेकांना सांगितली जाते, आणि तिच्या घडण्याबरोबर भयाचा अनुभवही पालटतो.

म्हणून भयानकाची मीमांसा करताना केवळ संहिता किंवा केवळ परीक्षकाचा निर्णय पुरेसा नाही. फिरत्या वाचनालयांच्या नोंदवह्या, कापलेल्या दृश्यांच्या याद्या, वृत्तपत्रांतील वाचकांची पत्रे आणि जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी, हे या इतिहासाचे साहित्य होय. त्यातील पुष्कळसे नष्ट होण्याच्या मार्गावर आहे. ब्लूमरने ज्या वयाच्या माणसांना लिहावयास सांगितले, त्या वयात 'पुराना मंदिर' पाहिलेली माणसे आज साठीच्या आसपास आहेत. त्यांना विचारणे अद्याप शक्य आहे.